पानाची दारे बंद कोण करतो? पाण्याच्या ताणात एबीए संप्रेरक, कॅल्शिअम आणि पर्णरंध्रांचे काम

पावसाने पंधरा दिवस उघडीप दिली आहे. सोयाबीन फुलात किंवा शेंगा भरण्याच्या अवस्थेत आहे. दुपारी बारा वाजता शेतात गेलात तर पाने उलटी होऊन त्यांची पांढुरकी बाजू वर आलेली दिसते. सायंकाळी तीच पाने पुन्हा सरळ होतात. अशा वेळी शेतकऱ्यासमोर प्रश्न असतो तो पैशाचा आणि वेळेचा: शेततळ्यातले थोडे पाणी आज द्यायचे की चार दिवसांनी? फवारणी करायची तर कशाची? ‘कॅल्शिअम मारा, पीक ताण सहन करेल’ असे कोणी सांगितले तर त्यात तथ्य किती?

या प्रश्नांचे उत्तर पानावरील अतिशय लहान छिद्रांमध्ये, म्हणजे पर्णरंध्रांमध्ये आहे. पाण्याचा ताण पडला की वनस्पती स्वतःच एक संप्रेरक तयार करते. ते संप्रेरक पर्णरंध्राच्या पेशीतील कॅल्शिअमचे दरवाजे उघडते आणि त्यामुळे पर्णरंध्र मिटते. ही साखळी समजली की कोणता खर्च उपयोगाचा आणि कोणता वाया जाणारा, हे ठरवणे सोपे होते.

थोडक्यात महत्त्वाचे

• पर्णरंध्रे बंद करण्याचा निर्णय पीक स्वतः घेते. त्याचा निरोप अ‍ॅबसिसिक आम्ल, म्हणजेच एबीए, हे संप्रेरक पोहोचवते.
• एबीए मिळाल्यावर रक्षक पेशीत कॅल्शिअम शिरते. हे कॅल्शिअम येथे अन्नद्रव्य म्हणून नव्हे, तर इशारा म्हणून काम करते.
• इशाऱ्यानंतर पेशीतून पोटॅशिअम आणि पाणी बाहेर पडते आणि छिद्र मिटते.
• पर्णरंध्रे बंद राहिली तर पाणी वाचते, पण अन्ननिर्मिती मंदावते आणि पान तापते.
• कॅल्शिअमची फवारणी ही पाण्याच्या ताणावरचा उपाय नाही. ओलावा टिकवणे, योग्य वेळी संरक्षित पाणी देणे आणि पोटॅशची कमतरता न ठेवणे हे खरे उपाय आहेत.

पर्णरंध्र उघडते कसे?

बहुतेक पिकांत पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला अधिक असतात. एका चौरस मिलिमीटर जागेत ती शंभर ते तीनशेच्या आसपास सापडतात. पूर्ण उघडी असतानाही ती पानाच्या क्षेत्रफळाचा जेमतेम काही टक्के भाग व्यापतात, पण पानातून उडणारे बहुतेक पाणी याच छिद्रांतून जाते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी अशा रीतीने हवेत जाते. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत येण्याची वाटही हीच आहे. म्हणजे दार उघडे ठेवले तर पाणी जाते आणि बंद ठेवले तर अन्न तयार होत नाही. पिकाची सारी कसरत या दोन गोष्टींमधली आहे.

प्रत्येक पर्णरंध्राभोवती दोन रक्षक पेशी असतात. सोयाबीन, कापूस, तूर, टोमॅटो अशा द्विदल पिकांत त्या घेवड्याच्या दाण्यासारख्या बाकदार असतात. ज्वारी, मका, ऊस, गहू यांत त्या डंबेलच्या आकाराच्या असतात. या पेशी पाण्याने फुगल्या की मधले छिद्र उघडते आणि त्या सैल पडल्या की छिद्र मिटते.

सकाळी उजाडले की प्रकाशातील निळ्या किरणांमुळे रक्षक पेशींच्या पडद्यावरील पंप सुरू होतात. हे पंप हायड्रोजनचे आयन बाहेर टाकतात. त्यामुळे पेशीच्या आत ऋण भार वाढतो आणि पोटॅशिअम आत ओढले जाते. त्याच्या जोडीला क्लोराइड आत येते आणि पेशीत मॅलेट तयार होते. पेशीत क्षार वाढले की त्यांच्या मागोमाग पाणी शिरते आणि पेशी फुगते. पोटॅश कमी असलेल्या शेतात पिकाची पर्णरंध्रे नीट उघडझाप करत नाहीत, याचे एक कारण येथेच आहे.

ताणाचा निरोप कोण आणतो?

जमिनीतील ओलावा कमी होऊ लागला की मुळांत आणि पानांतही एबीए तयार होऊ लागते. मुळांकडील एबीए पाण्याच्या प्रवाहाबरोबर खोडातून वर चढते. पान स्वतः सुकू लागले तर पानातच ते वेगाने वाढते. त्यामुळे पीक पूर्ण कोमेजण्याची वाट न पाहता आधीच सावध होते.

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना हे लगेच समजेल. धरणातला साठा घटला की पाटकऱ्याला निरोप येतो आणि तो बाऱ्यावरचे दार खाली करतो. येथे निरोप म्हणजे एबीए आणि पाटकरी म्हणजे रक्षक पेशी. पाटकऱ्याने दार फिरवण्यासाठी हात लावावा, ते काम पेशीत कॅल्शिअम करते.

एबीएच्या शोधाचा संबंध कापसाशी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात फ्रेडरिक अ‍ॅडिकॉट यांचा गट कपाशीची कोवळी बोंडे का गळतात याचा अभ्यास करत होता. त्या बोंडांतून त्यांनी हा पदार्थ वेगळा केला. त्याच काळात ब्रिटनमध्ये फिलिप वेअरिंग यांचा गट झाडांच्या कळ्या हिवाळ्यात सुप्त का राहतात हे शोधत होता आणि त्यांनाही तोच पदार्थ सापडला. गळ या अर्थाच्या शब्दावरून त्याला अ‍ॅबसिसिक आम्ल हे नाव पडले. पुढे लक्षात आले की गळीमध्ये इथिलीनचा वाटा मोठा आहे आणि एबीएचे मुख्य काम पाण्याच्या ताणात पिकाला सांभाळण्याचे आहे.

याचा चांगला पुरावा टोमॅटोत मिळाला. ‘फ्लाका’ नावाच्या एका टोमॅटो वाणात एबीए पुरेसे तयार होत नाही. त्याची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत आणि मुळाशी पाणी असूनही रोप कोमेजते. त्यावर एबीए फवारल्यावर पर्णरंध्रे मिटू लागली आणि रोप सावरले.

एबीए ते कॅल्शिअम: टप्प्याटप्प्याने

१. निरोप मिळतो. रक्षक पेशीत एबीए ओळखणारी प्रथिने असतात. ही प्रथिने २००९ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी ओळखली.

२. ब्रेक सुटतो. एरवी पेशीत एक प्रथिन ब्रेकसारखे काम करते आणि पुढची यंत्रणा थांबवून ठेवते. एबीए ओळखणारे प्रथिन या ब्रेकला पकडून ठेवते. त्यामुळे ‘ओएसटी-१’ हे विकर मोकळे होऊन कामाला लागते.

३. पेरॉक्साइड तयार होते. ओएसटी-१ च्या इशाऱ्याने पेशीच्या पडद्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे क्रियाशील ऑक्सिजन पदार्थ अल्प प्रमाणात तयार होतात. जास्त प्रमाणात हे पदार्थ पेशीला घातक असतात, पण येथे ते निरोप पुढे नेतात.

४. कॅल्शिअमचे दरवाजे उघडतात. पेशीच्या पडद्यात कॅल्शिअम जाण्यासाठी प्रथिनांचे खास मार्ग असतात. त्यांना कॅल्शिअम चॅनेल म्हणतात. हे चॅनेल एरवी बहुतांशी बंद असतात. पेरॉक्साइड आणि पडद्यावरील विद्युतभार यांच्या प्रभावाने ते उघडतात आणि बाहेरचे कॅल्शिअम आत शिरते. पेशीच्या आतील साठ्यांतूनही काही कॅल्शिअम सुटते.

५. मिठाचे दरवाजे उघडतात. वाढलेले कॅल्शिअम काही विकरांना जागे करते. ही विकरे आणि ओएसटी-१ मिळून ‘स्लॅक-१’ नावाचा दुसरा चॅनेल उघडतात. त्यातून क्लोराइड आणि नायट्रेट बाहेर पडतात. त्याच वेळी कॅल्शिअम पोटॅशिअम आत आणणारे मार्ग आणि हायड्रोजनचा पंप मंद करते.

६. पाणी बाहेर, दार बंद. ऋण भार बाहेर गेल्यामुळे पोटॅशिअम बाहेर नेणारे मार्ग उघडतात. क्षार गेले की पाणीही जाते. पेशी सैल पडते आणि छिद्र मिटते. एबीए मिळाल्यापासून काही मिनिटांत मिटण्यास सुरुवात होते आणि साधारण अर्ध्या ते एक तासात पर्णरंध्र बरेचसे बंद होते.

कॅल्शिअमशिवाय थेट ओएसटी-१ कडून स्लॅक-१ कडे जाणारी वाटही आहे. म्हणजे पिकाने एका दारासाठी दोन दोऱ्या बांधून ठेवल्या आहेत.

इशाऱ्यासाठी कॅल्शिअमच का?

तुम्ही ठिबकमधून खत देताना कॅल्शिअम नायट्रेट आणि १२:६१:० एका टाकीत मिसळत नाही, कारण कॅल्शिअम आणि फॉस्फेट एकत्र आले की गाळ बसतो आणि ड्रिपर तुंबतात. पेशीपुढेही हीच अडचण आहे. पेशीचा ऊर्जेचा सारा व्यवहार फॉस्फेटवर चालतो. आत कॅल्शिअम साचले तर तो व्यवहार बिघडेल. म्हणून पेशी आपल्या रसातील कॅल्शिअम सतत बाहेर किंवा साठ्याच्या पोकळीत ढकलत असते. परिणामी पेशीरसात कॅल्शिअम बाहेरच्या तुलनेत हजारो पटींनी कमी असते.

आत इतके कमी असल्यामुळे थोडेसे कॅल्शिअम शिरले तरी फरक ठळकपणे जाणवतो. रात्रीच्या शांततेत दारावर हळूच वाजवलेली कडी ऐकू यावी तसे हे आहे. शिवाय कॅल्शिअम एकदाच शिरून राहत नाही. ते वाढते, पंप ते बाहेर काढतात, पुन्हा वाढते. या लाटांची संख्या आणि त्यांच्यातील अंतर यांवर पर्णरंध्र किती वेळ बंद राहील हे अवलंबून असते.

हे कळले कसे?

१९९० मध्ये ब्रिटनमधील मार्टिन मॅकएन्श, कॉलिन ब्राउनली आणि अ‍ॅलिस्टर हेदरिंग्टन यांनी रक्षक पेशीत चमकणारे रंगद्रव्य भरून पाहिले. एबीए दिल्यावर आधी पेशीतील कॅल्शिअम वाढते आणि मग पर्णरंध्र मिटते, हे त्यांना दिसले. त्यांनी वापरलेली वनस्पती आपल्या शेतातील केन्याच्या कुळातली आहे. ज्या तणाला आपण कोळपून बांधावर टाकतो, त्याच्याच नात्यातील रोपाने ही गोष्ट जगाला शिकवली. या कुळातील पानांची साल सहज सोलते आणि रक्षक पेशी मोठ्या असतात, म्हणून संशोधक ती निवडतात.

पुढे २००० मध्ये ज्युलियन श्रोडर यांच्या गटाने मोहरीच्या कुळातील अरेबिडॉप्सिस या लहान रोपावर दाखवले की एबीएमुळे पेरॉक्साइड तयार होते आणि ते रक्षक पेशीतील कॅल्शिअम चॅनेल उघडते. २००८ मध्ये स्लॅक-१ चॅनेलची ओळख पटली.

इतर संप्रेरकांचा वाटा

• जास्मोनेट: किडीने कुरतडले किंवा जखम झाली की वाढते. पर्णरंध्रे मिटवते आणि त्यासाठी बऱ्याच अंशी याच कॅल्शिअमच्या वाटेचा उपयोग करते.
• सॅलिसिलिक आम्ल: रोगाची चाहूल लागली की वाढते आणि पर्णरंध्रे मिटवण्यास मदत करते.
• इथिलीन: परिस्थितीप्रमाणे दोन्ही बाजूंनी काम करते. एकटे असताना पर्णरंध्र मिटवू शकते, तर एबीएसोबत असताना मिटण्यात अडथळा आणू शकते.
• ऑक्झिन आणि सायटोकायनिन: सर्वसाधारणपणे पर्णरंध्र उघडे ठेवण्याच्या बाजूचे. जास्त असतील तर एबीएचा परिणाम कमी होतो.

रोगांच्या बाबतीतही पर्णरंध्राला महत्त्व आहे. डाळिंबावरील तेल्या रोगाचे जिवाणू पर्णरंध्रे आणि जखमा यांतून आत शिरतात. जिवाणूची चाहूल लागताच अनेक वनस्पती पर्णरंध्रे मिटवतात. त्यावर मात करण्यासाठी काही जिवाणू जास्मोनेटसारखा भासणारा पदार्थ सोडून दार पुन्हा उघडायला लावतात. पान बराच वेळ ओले राहिले तर जिवाणूंचे काम आणखी सोपे होते. म्हणून ताण आणि रोग यांचा विचार वेगवेगळा करून चालत नाही.

बंद दाराची किंमत

पर्णरंध्रे बंद झाली म्हणजे पीक सुरक्षित झाले असे नाही. त्याने खर्च थांबवला, पण कमाईही थांबवली.

• कार्बन डायऑक्साइड आत येत नसल्याने अन्ननिर्मिती मंदावते. फुले व कोवळ्या शेंगांना अन्न कमी पडते आणि गळ वाढते.
• पाणी उडताना पान थंड राहते. ते थांबले की भर उन्हात पान हवेपेक्षा जास्त तापते.
• पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर येणारी अन्नद्रव्ये, विशेषतः कॅल्शिअम, पानाफळांपर्यंत कमी पोहोचतात.
• ताण संपल्यावर दार लगेच पूर्ण उघडत नाही. पाणी दिल्यानंतरही पर्णरंध्रे पूर्ववत होण्यास एक ते काही दिवस लागू शकतात.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. फुले आणि शेंगा किंवा दाणे भरण्याच्या अवस्थेत पर्णरंध्रे आठवडाभर बंद राहणे महागात पडते. हाती एकच पाळी देण्याइतके पाणी असेल तर ते याच अवस्थेसाठी राखून ठेवा.

कॅल्शिअम फवारल्याने ताण सहन होतो का?

हा प्रश्न वारंवार विचारला जातो. पर्णरंध्र मिटवणारे कॅल्शिअम पेशीच्या भोवती आणि आतील साठ्यात आधीपासूनच असते. लागते ते अतिशय थोडे. कमतरता कॅल्शिअमची नसते. दरवाजा कधी उघडायचा हे एबीए ठरवते. बाहेरून फवारलेले कॅल्शिअम त्या निर्णयाची जागा घेऊ शकत नाही. शिवाय पावसाच्या खंडात पर्णरंध्रे मिटत नाहीत अशी अडचणच नसते. ती तर मिटलेलीच असतात. अडचण मुळाशी पाणी नसण्याची असते.

कॅल्शिअम फवारणीला तिची स्वतःची जागा आहे. टोमॅटो व मिरचीत फळाच्या टोकाला काळा, खोलगट डाग पडतो, तो फळात कॅल्शिअम कमी पोहोचल्याने पडतो. पण येथेही मूळ कारण बहुतेक वेळा पाणी असते. कॅल्शिअम मुळापासून पाण्याच्या प्रवाहासोबतच वर जाते आणि एकदा पानात बसले की तेथून फळाकडे वळत नाही. आपल्या अनेक काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींत कॅल्शिअम भरपूर असते. तरीही पाण्याच्या पाळ्या अनियमित असल्या की डाग दिसतात. अशा ठिकाणी आधी पाण्याचे वेळापत्रक सुधारा, मग गरज वाटल्यास फवारणीचा विचार करा.

शेतात ताण कसा ओळखावा?

• पहाटेची पाहणी: दुपारी कोमेजलेले पीक सायंकाळी सावरत असेल तर ताण तात्पुरता आहे. पहाटेही पाने मलूल असतील तर जमिनीतील ओलावा खरोखर संपत आला आहे. पाणी देण्याचा निर्णय पहाटेच्या पाहणीवर घ्या.
• पानाला हात लावून पाहा: दुपारी उन्हातील पान हाताला गार लागले तर पर्णरंध्रे उघडी आहेत. कोमट लागले तर ती बरीचशी मिटली आहेत. पाणी दिलेल्या ओळीतील पानाशी तुलना केली तर फरक लवकर समजतो.
• पानांची ठेवण: सोयाबीनची पाने उलटतात, ज्वारी व मक्याची पाने सुरळीसारखी वळतात, कपाशीची पाने खाली लोंबतात.
• ओलावा असूनही दुपारी मलूल: हवा फार कोरडी आणि वारा गरम असेल तर पुरेसा ओलावा असतानाही पर्णरंध्रे काही वेळ मिटतात. अशा वेळी लगेच जास्त पाणी देऊ नका.
• पाणी साचूनही कोमेजणे: मुळांना हवा मिळाली नाही तर ती पाणी शोषत नाहीत आणि पाने मलूल होतात. येथे पाणी देणे नव्हे, तर चर काढून पाणी बाहेर काढणे हा उपाय आहे.

पावसाच्या खंडात काय करावे?

१. कोळपणी व आच्छादन. हलकी कोळपणी केल्याने भेगा बुजतात, तण निघते आणि जमिनीतून उडणारे पाणी कमी होते. निघालेले तण, पालापाचोळा किंवा सोयाबीनचे काड दोन ओळींमध्ये पसरा. बी धरलेले तण आच्छादनासाठी वापरू नका.

२. एक आड एक सरी पाणी. सरीवर घेतलेल्या पिकात एका वेळी एक सोडून एक सरी भिजवा. ओल्या बाजूची मुळे पाणी देतात, कोरड्या बाजूची मुळे एबीए पाठवतात. पर्णरंध्रे पूर्ण न मिटता थोडी अरुंद होतात आणि कमी पाण्यात काम भागते. ऑस्ट्रेलियात द्राक्षबागांमध्ये याच तत्त्वावर मुळांची एक बाजू आळीपाळीने कोरडी ठेवण्याची पद्धत विकसित झाली. मात्र पुढच्या पाळीत सऱ्या बदला. तीच बाजू सतत कोरडी राहिली तर तिकडून निरोप येणे थांबते आणि मुळेही सुकतात. फार हलक्या जमिनीत ही पद्धत जपून वापरा.

३. संरक्षित पाणी. शेततळ्यातील पाणी तुषार किंवा ठिबक संचाने द्या. सायंकाळी किंवा रात्री दिल्यास हवेत कमी उडते आणि पहाटेपर्यंत पीक आपली तूट भरून काढते. लांबलेल्या ताणानंतर कपाशीला एकदम भरपूर पाणी देऊ नका. ताणानंतर अचानक जास्त पाणी मिळाल्यास आकस्मिक मर होण्याचा धोका असतो.

४. पोटॅशिअम नायट्रेटची फवारणी. पावसाचा खंड लांबत असेल तर १३:०:४५ हे खत १०० ग्रॅम प्रति १० लिटर पाणी या प्रमाणात फवारावे. पोटॅशिअममुळे रक्षक पेशींची उघडझाप सुधारण्यास मदत होते. प्रमाण वाढवू नका, कारण तापलेल्या पानावर तीव्र द्रावणाने चट्टे पडतात. पाने पूर्ण सुकल्यावर फवारून उपयोग होत नाही.

५. केओलिन. ६ ते ८ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात ६०० ते ८०० ग्रॅम. ही पांढरी माती पानावर बसून ऊन परावर्तित करते आणि पान कमी तापते. पाऊस आल्यास ती धुऊन जाते. पालेभाज्यांवर वापरू नका.

६. फवारणीची वेळ. सकाळी लवकर किंवा सायंकाळी चारनंतर फवारा. भर दुपारी थेंब लवकर सुकतात आणि द्रावण पानात कमी शिरते. ताणात असलेल्या तणांवर आंतरप्रवाही तणनाशक नीट पसरत नाही, म्हणून चांगला ओलावा असताना फवारणी करा.

७. वाढ उत्तेजके जपून. कोमेजलेल्या पिकावर वाढीची संप्रेरके फवारणे म्हणजे एबीएच्या निरोपाविरुद्ध ओढाताण करणे होय. विद्यापीठाची शिफारस असल्याशिवाय असा खर्च टाळा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी: शेतीशाळेतील सोपे प्रात्यक्षिक

साहित्य: रंगहीन नेलपॉलिश, पारदर्शक चिकटपट्टी, काचपट्टी आणि शाळेतील साधा सूक्ष्मदर्शक.

• सकाळी नऊच्या सुमारास एका चांगल्या भिजलेल्या आणि एका ताणातील झाडाचे सारख्या वयाचे पान निवडा.
• पान झाडावरच असताना खालच्या बाजूला नेलपॉलिशचा पातळ थर द्या. जास्त लव असलेले पान टाळा.
• थर सुकला की त्यावर चिकटपट्टी दाबून हळूच उचला आणि काचपट्टीवर चिकटवा.
• सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही ठसे पाहा. भिजलेल्या झाडाच्या ठशात मधली फट स्पष्ट दिसते, तर ताणातील झाडाच्या ठशात ती अरुंद किंवा मिटलेली असते.
• त्याच झाडांवर दुपारी दोन वाजता पुन्हा ठसे घ्या आणि शेतकऱ्यांना स्वतः तुलना करू द्या.

केन्याचे पान मिळाल्यास खालच्या बाजूची साल सोलून पाण्याच्या थेंबात ठेवा. रक्षक पेशी थेट पाहता येतील.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एबीए विकत घेऊन फवारता येईल का? काही देशांत रंगीत द्राक्षांना रंग येण्यासाठी एबीए वापरतात. पण पावसाच्या खंडात पीक स्वतःच पुरेसे एबीए तयार करत असते. त्यात भर घालून पर्णरंध्रे आणखी मिटवली तर अन्ननिर्मिती अधिकच घटते. म्हणून कोरडवाहू पिकात त्यावर खर्च करू नका.

सर्व पिकांची पर्णरंध्रे दिवसाच उघडतात का? नाही. ड्रॅगन फ्रूट, अननस, घायपात यांसारख्या वनस्पती मुख्यतः रात्री पर्णरंध्रे उघडतात. त्यामुळे त्या कमी पाण्यात तग धरतात.

पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशीही पीक ताजेतवाने दिसत नाही. पाणी कमी पडले का? आधी चार बोटे खोल माती उकरून पाहा. ओल असेल तर थांबा. पिकातील एबीए कमी होऊन दारे पूर्ण उघडायला वेळ लागतो. घाईने दुसरी पाळी दिल्यास मुळांची हवा कोंडते.

पुढच्या खंडात निर्णय घेण्यापूर्वी एवढे करा: पहाटे पीक पाहा, दुपारी पानाला हात लावा आणि मुळाशी माती उकरा. तिन्ही ठिकाणी ताण दिसला आणि पीक फुलात किंवा दाणे भरण्यात असेल, तर राखून ठेवलेले पाणी देण्याची वेळ तीच आहे.